ज्या वर्षी वल्हं टेकलं नाही

मित्रांनो, तुम्ही आत आल्याआल्या सगळे त्या भिंतीवरच्या मोठ्या रंगीत तक्त्याकडे धावलात, ते मी बघितलं. सगळेच तसं करतात. पण आता जरा इकडे या. खिडकीत बघा, वाळूच्या बरणीशेजारी एक उघडी डबी आहे. तिच्यात ते काळं, काडेपेटीच्या अर्ध्याएवढं, तारेची वाकडी शेपटी असलेलं जे पडलंय ना, तो मी. मी ट्रान्समीटर आहे, आणि चांगलाच जुना आहे. जुना म्हणजे किती? दोन वर्षं आणि पाच महिने. हसा, हसा. आमच्यात एवढ्या वयाच्याला म्हातारा म्हणतात.

मला सगळं भराभर सांगायला हवं, कारण तुमच्या बाई आत्ताच म्हणाल्या की अर्ध्या तासात बस निघणार. आणि मला ज्याची भीती वाटतेय ते त्या तक्त्यावरच आहे. तिकडे आपण शेवटी जाऊ. आधीच वाचलात तर तो तुम्हाला खरा वाटेल. सगळ्यांनाच वाटला होता.

तर माझा जन्म एका टेबलावर झाला. भिंगाचा चष्मा लावणाऱ्या एका मावशींनी चिमट्याने एकेक भाग धरून मला जोडलं, त्यावर काळा चिकट रस ओतला, तो वाळून दगडासारखा झाला, आणि मग माझ्या पोटाला एक छोटा लोहचुंबक पट्टीने चिकटवला. आमचं असं असतं, लोहचुंबक पोटाला असला की आम्ही झोपेत, काढला की जागे. आणि जागं झालं की एकच काम. दर दोन सेकंदांनी म्हणायचं, टिक. टिक म्हणजे 'मी इथे आहे'. बस, एवढंच. मजेत असलो तरी टिक आणि जीव घाबरा झाला तरी टिक. दुसरा शब्दच नाही आमच्याकडे.

ही टिक तुमच्या कानांना ऐकू येत नाही. ती ऐकायला रिसीव्हर लागतो, आणि तो होता ताईकडे. ताई म्हणजे याच खोलीत बसणारी, नदीतल्या कासवांच्या नोंदी ठेवणारी. फाटक्या छत्रीच्या काड्या उरल्यासारखा तिचा अँटेना होता, तो हातात धरून ती गोल फिरायची, आणि ज्या दिशेला टिक मोठी येईल त्या दिशेला मी. तिला हवं होतं एवढंच, की कासवं वर्षभर कुठे असतात, कधी कुठून कुठे जातात. कारण दिसतात ती वर्षातले चारच महिने. मग जातात कुठे?

मे महिन्यात एका सकाळी तिने माझा लोहचुंबक काढला. मी जागा झालो तर मी एका नावेत, आणि समोर आत्या.

आत्या म्हणजे कासव. ताटाएवढी, गळ्यावर पिवळ्या रेघा, आणि चेहरा असा की कोणीतरी तिची खुर्ची घेतलीय. तिला दोन्ही हातांनी धरून बसले होते नावाडीकाका.

"काका, घट्ट धरा हं," ताई म्हणाली. ती जुन्या टूथब्रशने आत्याची पाठ घासत होती.

"मी कुठला धरतोय? तिनेच मला धरलंय. बोट बघा माझं."

"नाव काय ठेवू या हिचं?"

"आत्या," काका लगेच म्हणाले. "माझी आत्या डिट्टो अशी. येते म्हणून कळवायची नाही, जाते म्हणून सांगायची नाही, आणि आपण काही बोललो की मान आत."

मग मला आत्याच्या पाठीवर मागच्या बाजूला चिकटवलं. तास दीड तास ती नावेत रुसून बसली. मग काकांनी तिला काठावर सोडलं आणि ती माझ्यासकट सरळ पाण्यात. मित्रांनो, मी काय सांगू. मी टेबलावर जन्मलेला, आणि एकदम नदी. हिरवं पाणी, शेवाळ, वरून उन्हाच्या काठ्या खाली उतरलेल्या, आणि मी जोरजोरात ओरडतोय, टिक, टिक, टिक, आणि वरती काठावर कोणीतरी ते ऐकतंय. त्या दिवशी मला वाटलं, जगात माझ्याइतकं नशीबवान कोणी नाही.

असे आम्ही चौघं निघालो होतो, चार कासवांवर चार ट्रान्समीटर. एक आठवड्यातच मुका झाला. एकाचं कासव दगडावर घासलं आणि तो सुटून वाहून गेला. तिसरा खाली बंधाऱ्यापलीकडे गेला तो गेलाच. उरलो मी. म्हणजे या सगळ्या नदीबद्दल ताईला जे काही कळत होतं, ते एका आत्याच्या पाठीवरून कळत होतं. हे लक्षात ठेवा.

मग वर्ष कसं गेलं सांगू? जूनमध्ये आत्या वर गेली, पाच किलोमीटर, प्रवाहाच्या उलट, थांबत थांबत, एका वाळूच्या बेटावर. तिथे खड्डा करून अंडी घातली आणि मागे वळूनही बघितलं नाही. मग पुढचे तीन महिने नदीच्या जुन्या फाट्यात, जिथे पाणी संथ असतं, तिथे गोगलगाई खात हिंडली. फाट्याचे काठ उंच आहेत, तिथून माझा आवाज बाहेर जात नाही, त्यामुळे ताईला आम्ही दहा दहा दिवस सापडायचो नाही. मग पावसाळा सरल्यावर वळणावरच्या पडलेल्या झाडावर, बाकीच्या कासवांबरोबर रांगेत ऊन खात. आणि एके दिवशी पाणी गार झालं, तशी ती झाडावरून घसरली आणि निघाली ती थेट पुलाखाली.

पुलाच्या मधल्या दोन खांबांमध्ये एक डोह आहे. पाणी खांबाला आपटून भोवरा करतं आणि तळ खणतं, त्यानेच तो झालाय. नदीतली जवळजवळ सगळी कासवं थंडीत त्या डोहाच्या तळाशी येतात. मला माहीतच नव्हतं. आम्ही खाली उतरलो तर तिथे तीसएक कासवं, एकमेकांना टेकून, थंडगार, डोळे अर्धे उघडे. श्वास घ्यायलासुद्धा वर जात नाहीत ती, कातडीतूनच पाण्यातली हवा थोडी थोडी घेतात. आत्याचं काळीज एकदा धडधडायचं, मग मी तीस वेळा टिक म्हणायचो, तेव्हा कुठे दुसऱ्यांदा. मी मोजायचो. कधी कधी पस्तीस व्हायचे आणि मला भीती वाटायची.

त्या पहिल्या थंडीत डोह फार खोल नव्हता. काका नाव उभी करून वल्हं सरळ खाली सोडायचे, ते तळाला टेकायचं, आणि मग ते वल्ह्याच्या वरच्या टोकाला कान लावायचे. त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. मासे कुठे आहेत, दगड घरंगळताहेत का, सगळं त्या लाकडातून ऐकू येतं म्हणे. ताई अँटेना फिरवायची आणि काका वल्ह्याला कान लावायचे, आणि दोघं एकमेकांना हसायचे.

"काय म्हणतेय आत्या?" ताई विचारायची.

"घोरतेय. तुमच्या यंत्रात घोरणं येतं का?"

ज्या दिवशी आम्ही डोहात उतरलो, तो दिवस ताईने नोंदला. वीस नोव्हेंबर. मग तो सुंदर तक्ता छापला, निळी नदी, पिवळं बेट, आणि पुलापाशी लाल अक्षरात: 'कासवं डोहात येतात, २० नोव्हेंबर'. शाळाशाळांतून मुलं बघायला आली. मला किती अभिमान वाटला असेल, विचार करा. माझ्या टिक-टिकचा तक्ता झाला.

इथपर्यंत सगळं छान आहे ना? मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी जुलैत मोठा पूर आला. आम्ही फाट्यात होतो म्हणून वाचलो, पण मुख्य नदी आठवडाभर गढूळ घोंघावत होती. पूर ओसरला तेव्हा पुलाच्या डाव्या खांबाच्या पायथ्याची माती निघून गेली होती. खांब उघडा पडला होता, दुखऱ्या दाताच्या मुळासारखा. आणि जी माती खांबाची गेली ती डोहाचीच ना? डोह दुप्पट खोल झाला. हे कोणी मोजलं नाही. खांबाला भेग गेली का, ते सगळ्यांनी बघितलं. डोह कोणी बघितला नाही.

म्हणजे, एकाने बघितला. पण त्याचं पुढे सांगतो.

पुलाचं काम बघणारे साहेब एक दिवस याच खोलीत आले. तेव्हा मी नदीत होतो, पण हे सगळं मला नंतर कळलं, कारण काकांनी ती गोष्ट या खिडकीशी बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलीय, आणि दर वेळी थोडी वाढवून. जेवढं दर वेळी सारखं असायचं तेवढंच मी तुम्हाला सांगतो.

साहेब माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "डोहाभोवती वाळूची पोती लावून पाणी दुसरीकडे वळवतो, पंप लावून डोह रिकामा करतो, आणि खांबाचा पायथा बांधून काढतो. तीन आठवड्यांचं काम आहे. तुमच्या कासवांना त्रास व्हायला नको म्हणून विचारायला आलो. डोह रिकामा कधी असतो?"

"थंडी पडायच्या आधी," ताई म्हणाली.

"म्हणजे कधी?"

"ते पाण्यावर आहे. पाणी गार झालं की येतात."

"ताई, पाणी गार झालं की, असं मी कागदावर कसं लिहू? माणसं बोलवायचीत, पंप आणायचेत. मला तारीख द्या."

ताईने तक्त्याकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं.

"ही काय, दिलीच आहे की," साहेब म्हणाले. "वीस नोव्हेंबर. मग मी ऑक्टोबर संपता संपता पोती लावून बारा तारखेला पंप सुरू करतो. एकदा का पाणी उपसलेलं असलं की कोणी येणार नाही तिथे राहायला. मधली जागा ठेवलीय आठ दिवसांची. खूश?"

आणि ताईने सही केली.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी तीन दिवस बोचरा वारा सुटला. काठाच्या गवतावर सकाळी पांढरं दिसायला लागलं. पोती तेव्हा एकाच बाजूने लागली होती, दुसरी बाजू मोकळी होती. दोन नोव्हेंबरला आत्या झाडावरून घसरली. मी म्हणतोय, अगं आत्या, अजून वीस तारीख कुठे आलीय? पण तिने तक्ता वाचला नव्हता ना. तिच्या पोटाला पाणी गार लागलं, संपलं. ती निघाली, तिच्या मागे दुसरी, मग तिसरा, तो शेपटी तुटका, मग सगळेच. पोत्यांच्या मोकळ्या बाजूने आम्ही आत गेलो आणि खाली उतरायला लागलो. उतरतोय, उतरतोय, तळ येईचना. काळोख झाला. गेल्या वर्षी इथे वरचा उजेड हिरवा दिसायचा, या वर्षी काहीच नाही. शेवटी आत्याचं पोट चिखलाला टेकलं.

मी म्हणालो, टिक.

आणि मला कळलं की कोणी ऐकत नाहीये. कसं कळलं ते विचारू नका. तुम्ही रिकाम्या घरात हाक मारली की तुम्हाला कळतं ना, तसंच. माझा आवाज एवढ्या खोल पाण्यातून वर जातच नव्हता. अर्ध्या वाटेत विरघळायचा. चार दिवसांनी पोत्यांची दुसरी बाजू लागली. आम्ही चौतीस जण आत होतो.

वर ताई रोज दुपारी चारला रिसीव्हर लावायची. हा तिचा नेम होता, पाऊस असो, ताप असो, चार म्हणजे चार. आणि रोज वहीत लिहायची, 'आवाज नाही'.

"फाट्यात गेली असणार," ती काकांना म्हणाली. "गेल्या वर्षी पण दहा दहा दिवस फाट्यात लपायची. नंतर आली डोहात."

"डोहात बघितलंत?"

"काका, डोहावर उभी राहून बघितलं. काही नाही. गेल्या वर्षी डोहात होती तेव्हा स्पष्ट ऐकू यायची."

काका म्हणाले, "ताई, या वर्षी वल्हं टेकत नाही."

"हो का," ताई वहीत लिहिता लिहिता म्हणाली.

दोन दिवसांनी ते परत म्हणाले, वल्हं टेकत नाही. आणि तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तिला 'मॅडम' म्हणाले. काका मॅडम म्हणाले की समजायचं रागावलेत. पण तिला वाटलं, थंडीने त्यांचे गुडघे दुखत असतील.

मित्रांनो, ती वाईट नव्हती हो. तिच्याइतकं त्या कासवांवर प्रेम कोणी केलं नसेल. पण वल्हं टेकत नाही म्हणजे डोह खोल झालाय, आणि डोह खोल झालाय म्हणजे मी मुका झालोय, हे दोन तिच्या डोक्यात एकमेकांशेजारी आलेच नाहीत. काकांना वल्ह्याचं कळत होतं, टिकचं नाही. तिला टिकचं कळत होतं, वल्ह्याचं नाही. आणि खाली आम्ही.

बारा नोव्हेंबरला सकाळी पंप सुरू झाले.

आधी आम्हाला फक्त थरथर जाणवली. चिखल थरथरायला लागला, मग दगड, मग पाठी. आत्याने एक डोळा थोडा उघडला. तेवढंच. थंडीत त्यांना पळता येत नाही, मान आत घ्यायलासुद्धा वेळ लागतो. मग पाणी एका बाजूला ओढलं जायला लागलं, हळूहळू, जिथे पंपाचं तोंड होतं तिकडे. कडेला वरच्या दगडी पायरीवर नऊ छोटी कासवं होती. दुपारपर्यंत त्यांच्या पाठी पाण्याबाहेर आल्या. वर हवा पाण्यापेक्षा कितीतरी गार होती. ती हलली नाहीत. हलता येतच नव्हतं.

आणि मित्रांनो, आता ऐका, हे मला अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. माझ्यावरचं पाणी जसजसं कमी होत गेलं, तसतसा माझा आवाज वर जायला लागला. आधी अर्ध्यापर्यंत, मग आणखी वर. मला दहा दिवस हेच हवं होतं, कोणीतरी ऐकावं. आणि आता मी ऐकू येणार होतो, ते अशासाठी की आमच्या अंगावरचं पांघरूण निघत होतं. मला पहिल्यांदा वाटलं, नको. मुकाच बरा होतो मी.

चार वाजले. ताई पुलावर साहेबांशेजारी उभी होती. नेमाप्रमाणे तिने अँटेना काढला आणि वर फाट्याकडे धरला. काही नाही. तिने वहीत लिहिलं, 'आवाज नाही'. मग घडी घालायला तिने अँटेना खाली केला, पायांकडे, आणि तिच्या कानात आलं, टिक.

ती थबकली. अँटेना वर, काही नाही. खाली, टिक. अगदी बारीक.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. लोखंडी पूल आहे ना, आवाज कुठला तरी येतो आणि याच्यावर आपटून परत फिरतो. मागे पण दोनदा फसवलंय मला याने." आणि मित्रांनो, तिने ते वहीत लिहिलं. 'लोखंडावरून परतलेला आवाज'. मी खालून जिवाच्या आकांताने ओरडतोय, टिक, टिक, टिक, आणि ती मला खोडून काढतेय.

काका तेव्हा खाली डोहातच होते. पंपाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकू नये म्हणून त्यांना नावेत बसवलं होतं. पाचोळा बाजूला करता करता सवयीने त्यांनी वल्हं सरळ खाली सोडलं.

ते टेकलं.

माझ्यापासून हातभर अंतरावर. मला ठक् असा तो आवाज आला. मग काकांनी टोकाला कान लावला. लाकडातून त्यांना पंपाची घरघर ऐकू आली, आणि त्या घरघरीच्या मागे दुसरं काहीतरी. आम्ही पंपाकडे ओढले जात होतो ना, त्यामुळे आमच्या पाठी एकमेकांवर आपटत होत्या.

काकांनी वर बघून हाक मारली. "ताई, वल्हं टेकलं."

"बरं, काका."

"बरं काय बरं. इथे खाली कोणीतरी भांडी घासायला काढलीत. ढीगभर वाजताहेत."

ताई कठड्यावरून वाकली. "काय म्हणालात? वल्हं आत्ता टेकलं? म्हणजे इतके दिवस टेकत नव्हतं?"

"तीनदा सांगितलं, मॅडम."

काका सांगायचे की तिचा चेहरा त्यांनी खालून बघितला आणि त्यांना वाटलं ही आता पुलावरून पडणार. तिने हातातल्या वहीकडे बघितलं, रिसीव्हरकडे बघितलं, आणि मग साहेबांकडे वळली.

"पंप बंद करा."

"अहो ताई, अर्ध्यावर आलंय. आत्ता थांबवलं तर सगळं पहिल्यापासून. पोती काढा, परत लावा. आणि डोह रिकामा आहे या कागदावर तुमचीच सही आहे."

"माहितीये मला. सही चुकलीय."

"नक्की? मघाशी तर म्हणालात लोखंडाचा आवाज आहे."

तिने हेडफोन काढून साहेबांच्या कानाला लावला आणि अँटेना सरळ खाली धरला. साहेबांना मी ऐकू आलो. त्यांनी किती वेळ ऐकलं माहीत नाही, मला तो फार मोठा वाटला. एक टिक, दुसरी, तिसरी. मग त्यांनी हात वर केला आणि थरथर थांबली.

पोती काढायला वेळ लागतो. तोवर साहेब स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले, ताई उतरली, पंपवाले उतरले, आणि पायरीवरची नऊ छोटी कासवं एकेक उचलून त्यांनी उरलेल्या पाण्यात ठेवली. काका मोजत होते. संध्याकाळी नदी आत आली आणि परत काळोख झाला, आणि मी परत मुका झालो. पण आता वर कोणीतरी ओळखून होतं की मी आहे.

आम्ही चौतीस जण गेलो होतो. एप्रिलमध्ये डोहातून एकोणतीस बाहेर आली. जी पाच आली नाहीत ती त्या पायरीवरचीच होती. ताईने ती पाच काठावर पुरली आणि वहीत ज्या ओळीत 'लोखंडावरून परतलेला आवाज' लिहिलं होतं, तिच्यासमोर पाच असा आकडा लिहिला. ती ओळ तिने खोडली नाही. खांबाचं काम एप्रिलमध्येच झालं. पूल काही पडला नाही तोवर.

मे महिन्यात माझी बॅटरी संपत आली म्हणून ताईने मला आत्याच्या पाठीवरून काढलं. काकांना आत्याने परत एकदा चावून घेतलं, आणि ती गेली. आता ती कुठे असते मला माहीत नाही. मी या डबीत, पोटाला तोच जुना लोहचुंबक. टिक बंद झालीय, पण म्हातारपणी झोप काही लागत नाही.

आणि आता मित्रांनो, तो तक्ता. चला, बघा. लाल अक्षरं दिसली? '२० नोव्हेंबर'. आता त्याच्या खाली नीट बघा, अगदी डोळे लावून. पेन्सिलीने लिहिलंय. 'तारीख धरू नका. पाणी गार झालं की येतात. डोहाची खोली आधी मोजा.' ते ताईचं अक्षर आहे. त्या घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी तिने लिहिलं. पेन्सिलीने का? कारण नदीवरची माणसं पेन वापरतच नाहीत. शाई पाण्याने पसरते, पेन्सिल टिकते. तिच्या खिशात कायम पेन्सिलच असायची. पाण्यात टिकते ती, मित्रांनो. बोटांपुढे नाही. इथे येणारं प्रत्येक मूल निळ्या नदीवरून बोट फिरवत पुलापर्यंत येतं आणि तिथे थांबतं. तुम्हीसुद्धा मघाशी फिरवलंत, मी बघितलं. शिवाय दर शनिवारी फडकं फिरतं. निम्मी अक्षरं गेलीत. 'तारीख' तर आता वाचताच येत नाही. नवा तक्ता छापायला टाकते म्हणाली होती, पण ऑगस्टमध्ये तिची दुसऱ्या नदीवर बदली झाली. काका त्यांच्या मुलीकडे राहायला गेले. जुने साहेबही आता इथे नाहीत. इथे नवी ताई आलीय, हुशार आहे, पण तिला कोणी ही गोष्ट सांगितलेली नाही. आता ती माहीत असलेला या खोलीत मी एकटा.

काल नवे साहेब आले होते. पुलाच्या उजव्या खांबाचं काम काढलंय यंदा. त्यांनी विचारलं, "कासवांचं काही आहे का तुमच्याकडे?" नवी ताई म्हणाली, "हो, तक्ता आहे की." त्यांनी मोबाइल काढून तक्त्याचा फोटो घेतला. फोटोत लाल अक्षरं झकास आली. पेन्सिल आलीच नाही.

"अरे वा, तारीखच दिलीय," ते म्हणाले. "मग दहा नोव्हेंबरला पंप लावतो."

आज ऑक्टोबरची तेवीस आहे. परवापासून या खिडकीची काच सकाळी गार लागतेय. आत्याच्या पाठीवर आता कोणी नाही. ती डोहात उतरली तर यंदा टिक म्हणणारंसुद्धा कोणी नाही.

तुम्ही मोठे झालात की तुमच्याकडेही वह्या येतील, आणि तुम्हीही त्यात लिहाल, आवाज नाही, कोणी नाही. जरूर लिहा. पण त्याआधी कोणी तीनदा काही सांगून गेलंय का, ते एकदा आठवून बघा. आणि वल्हं टेकतंय का, तेही बघा.

तुमच्या बाई दारात उभ्या राहिल्यात, बसचा हॉर्न वाजला. जाता जाता माझं एकच काम करा. त्या पेन्सिलीच्या ओळी अजून थोड्या दिसताहेत. त्या जशाच्या तशा गिरवा, ठळक, आणि नव्या ताईला बोलावून दाखवा. पेन्सिल नको.

कोणाकडे पेन आहे?